थंडीचे दिवस, रब्बीचे कष्ट आणि शेतकऱ्याचे आरोग्य

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस लोहा तालुक्यातील माळेगाव येथे श्रीखंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट व गाढवे यांचा बाजार, लाल कंधारी गाई-वळूंचे प्रदर्शन, कुस्त्यांचे फड, लावण्या आणि वाघ्या-मुरळींचा जागर यांनी एरवी ओसाड असणारे माळरान गजबजून जाते. खेड्यापाड्यांतून व परप्रांतांतूनही आलेली बिऱ्हाडे गाडीच्या आडोशास किंवा पालाखाली चार-चार, पाच-पाच रात्री काढतात. यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी वेळ अमावस्या, म्हणजे या भागातील येळवस, येते; आणि तेथून संक्रांतीपर्यंतचे दिवस हे सामान्यतः वर्षातील सर्वांत थंड दिवस होत. गहू-हरभऱ्यास पाणी द्यावयाचे, तूर काढावयाची, कापसाची वेचणी उरकावयाची आणि ज्वारीच्या कणसांची राखण करावयाची, ही सारी कामे नेमकी याच दिवसांत शेतकऱ्याच्या गळ्यात पडतात. तेव्हा हिवाळ्यातील आरोग्याचा विचार खेड्यात करावयाचा तो या कामांसहित करावयास हवा. घरात बसून ऊब घेणाऱ्या शहरी माणसासाठी लिहिलेले नियम येथे पुरे पडत नाहीत.

लोहा-कंधारचा मुलूख बालाघाटच्या डोंगररांगांचा. हवा कोरडी, आकाश निरभ्र. दुपारी अंगावर सदराही नकोसा वाटावा आणि पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवू नये, असा एकाच दिवसात दोन ऋतूंचा अनुभव येथे येतो. सूर्य मावळताच निरभ्र आकाशाखाली जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते आणि थंड झालेली जड हवा उतारावरून वाहत ओढ्याकाठच्या, मन्याडकाठच्या सखल रानात साचून राहते. गावात असते त्याहून मळईच्या रानात थंडी अधिक, हा शेतकऱ्याचा अनुभव यास्तव खरा आहे. शेजारच्या परभणी येथे कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याची नोंद आहे.

हेमंत ऋतू हा बळाचा, उत्तम पचनशक्तीचा काळ आहे असे आयुर्वेदाने मानले आहे आणि ते खोटे नाही. भूक चांगली लागते, झोप गाढ येते, रानात भाजीपाला भरपूर असतो. असे असता याच दिवसांत खोकला, दमा, लहान मुलांचा न्यूमोनिया, म्हाताऱ्या माणसांचे हृदयविकार व अर्धांगवायू यांचे प्रमाण वाढते, हे कोडे आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास असे दिसते की, आपल्याकडील कोरड्या, मध्यम थंडीचा थेट अपाय त्या मानाने थोडा. परंतु थंडी चुकविण्यासाठी आपण दार लावतो, धूर कोंडतो, शेगडी जवळ ओढतो, घोट घेतो, त्या उपायांचाच अपाय मोठा. बर्फाळ प्रदेशातील माणूस थंडीस भितो म्हणून तिची तयारी करतो. आपण तिला चार दिवसांची पाहुणी समजतो आणि तयारीवाचून तिला सामोरे जातो.

रात्रीचे पाणी

शेतीपंपास वीज काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, अशा पाळ्यांनी मिळते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली आणि पुढे तिचा विस्तारही केला. तथापि ज्या शिवारात रात्रीची पाळी येते तेथे गव्हास पाणी द्यावयाचे तर मध्यरात्री उठूनच दारे धरावी लागतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विहिरीचे पाणी हिवाळ्याच्या पहाटे कोमट लागते. जमिनीच्या पोटातील पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, म्हणून बाहेरची हवा दहा-बारा अंशांवर आली असता तेच पाणी उबदार भासते. दारे धरणाऱ्या गड्यास त्यात पाय बुडवून उभे राहणे सुखाचेच वाटते. त्रास होतो तो पाण्याबाहेर आल्यावर. ओले धोतर किंवा ओली विजार अंगास चिकटलेली, वरून झुळूक, अशा स्थितीत कपड्यातील पाणी वाफ होऊन उडून जाताना अंगातील उष्णता बरोबर घेऊन जाते. सुती कापड ओले झाले की त्याची ऊब जवळजवळ संपते. शरीराच्या आतील उष्णता ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेली म्हणजे ती धोक्याची अवस्था समजावी. आणि तसे होण्यास बर्फच लागतो असे नाही. दहा अंशांची रात्र, ओले अंग, रिकामे पोट आणि वारा एवढे त्यास पुरते, विशेषतः वयस्कर माणसाच्या बाबतीत. थरथर कापणे ही पहिली खूण. परंतु कापणे आपोआप थांबून माणूस असंबद्ध बोलू लागला, पाय अडखळू लागले, झोप अनावर होऊ लागली, तर तो बरा होत आहे असे समजू नये. ती अधिक गंभीर खूण होय. अशा माणसास वाऱ्यापासून आडोशास न्यावे, ओले कपडे प्रथम काढावेत, कोरड्या घोंगडीत डोक्यासह गुंडाळावे, शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे आणि दवाखान्यात हलवावे. हातपाय जोराने चोळू नयेत. त्यास विस्तवाशेजारी टेकवूही नये, कारण बधिर झालेल्या कातडीस भाजल्याचे कळत नाही.

उपाय साधे आहेत. पाणी द्यावयास जाताना कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत घालून मोटारीच्या खोलीत ठेवावा व काम संपताच बदलावा. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातल्यास त्यांमध्ये हवा कोंडून ऊब अधिक राहते. कान व डोके झाकावे. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट असावेत; त्यांनी पाय कोरडे राहतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत नाहीत, आणि तिसरा लाभ याहून मोठा आहे. हिवाळ्यात साप बिळात असतात हा समज अर्धाच खरा. घोणस या विषारी सापाचा मीलनकाळ हिवाळ्यातच येतो व तो या दिवसांत बांधांवर, काडाखाली फिरताना आढळतो. बूट व हातातील विजेरी यांनी बरेचसे दंश टळतात. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. पाय हलू न देता रोग्यास तातडीने रुग्णालयात पोहोचवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. हा क्रमांक मोटारीच्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवण्यास काहीच पडत नाही. स्टार्टरच्या पेटीस मात्र दवाने ओल्या झालेल्या हाताने स्पर्श करू नये. कोरडी लाकडी फळी पायाखाली घ्यावी व हात पुसूनच कळ दाबावी.

थंडी वाजू नये म्हणून दोन घोट घेण्याची चाल काही ठिकाणी आहे. दारूने अंगास ऊब येत नाही, ऊब आल्याचा भास होतो. कातडीखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कातडीशी येते, माणसास बरे वाटते आणि तीच उष्णता हवेत निघून जाते. म्हणजे घराचे दार उघडे टाकून चूल पेटविण्यासारखेच हे झाले. गूळ घातलेला गरम चहा किंवा ज्वारीच्या पिठाची गरम पेज थर्मासमध्ये नेणे कितीतरी शहाणपणाचे.

बैलास झूल व वासरास गोणपाट घालूनच झोपी जाणारा आपला शेतकरी स्वतःच्या अंगावर मात्र भिजके उपरणे वाळवितो, याचे आश्चर्य वाटते.

बंद खोलीतील शेगडी

उघड्या अंगणातील शेकोटीस दोष देण्याचे कारण नाही. कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या पेटवून चार माणसांनी भोवती बसावे, गप्पा कराव्यात, यात गावाचे गावपण आहे. दोन पथ्ये मात्र पाळावीत. शेकोटीत प्लॅस्टिक, टायर, खताच्या गोण्या आणि विशेषेकरून कीटकनाशकांचे रिकामे डबे-बाटल्या टाकू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो. आणि लुगड्याचा पदर, शालीचे टोक व लहान मुले यांवर नजर ठेवावी.

खरा धोका आहे तो विस्तव आत नेण्याचा. राखणीच्या खोपीत, पत्र्याच्या खोलीत किंवा दार-खिडकी लावलेल्या माजघरात निखाऱ्यांची शेगडी वा घमेले ठेवून झोपण्याची चाल सर्वत्र आढळते. लाकूड धुमसत असेपर्यंत धूर दिसतो, डोळे चुरचुरतात, माणूस सावध राहतो. धूर बसला, निखारे लालबुंद झाले, म्हणजे आता भीती नाही असे समजून दार लावले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कोंडलेल्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. तो डोळ्यांस झोंबत नाही, त्याने ठसका लागत नाही. रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याशी हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. परिणामी माणूस श्वास घेत असतो, परंतु शरीरास प्राणवायू मिळत नाही. प्रथम डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातापायांतील बळ जाते. झोपलेल्या माणसास यातील काहीच कळत नाही. तो झोपेतच जातो.

खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, ताप नाही, आणि बाहेर येताच बरे वाटले, तर बाधा थंडीची नसून निखाऱ्याची आहे हे ओळखावे. कोणी बेशुद्ध आढळल्यास दारे-खिडक्या उघडून त्यास आधी उघड्या हवेत ओढून आणावे व प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये. झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी, हा एकच नियम घरोघर पाळला गेला तरी पुष्कळ अनर्थ टळेल. खोलीत ऊब राहावी असे वाटत असेल तर जमिनीवर प्रथम कडब्याच्या पेंढ्या किंवा गवताचा जाड थर, त्यावर पोते व वर गोधडी अशी पथारी करावी. अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालचा थर अधिक उपयोगी पडतो, कारण रात्रभर उष्णता शोषून घेते ती जमीन.

आता एका नाजूक विषयाकडे वळणे भाग आहे. बाळंतिणीची खोली हवाबंद करून बाजेखाली शेगडी ठेवणे व ओवा, वावडिंग, शेपा यांची धुरी देणे ही आपल्याकडील जुनी रीत. आई व बाळ यांस ऊब मिळावी हा तिच्यामागील हेतू अगदी योग्य आहे, आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या त्या मायेस कोणी नावे ठेवू नयेत. परंतु त्या खोलीत सर्वांत लहान फुप्फुसे कोणाची असतील तर ती बाळाची. धूर व निखाऱ्यांचा वायू यांचा पहिला बळी तेच ठरू शकते. ऊब देण्याचा याहून चांगला मार्ग आता ठाऊक झाला आहे व तो बिनखर्चाचा आहे. बाळास आईच्या उघड्या छातीशी कातडीस कातडी लागेल असे धरावे, वरून दोघांस एकच पांघरूण घालावे, बाळाच्या डोक्यात टोपडे व पायांत मोजे असावेत. कमी वजनाच्या बाळांसाठी तर हा उपाय फारच हितकर ठरला आहे. जन्मल्यावर पहिले चोवीस तास तरी बाळास आंघोळ घालू नये, कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्यावे. अंगावरचे दूध जन्मानंतर तासाभराच्या आतच सुरू करावे, कारण तेही एक प्रकारचे सरपणच आहे. शेकच द्यावयाचा तर शेगडी अंगणात पेटवावी, वीट किंवा फडके तेथे गरम करून आणावे, हाताच्या पाठीवर त्याची धग पाहावी, आणि बाळास नव्हे तर बाळंतिणीच्या कमरेस शेक द्यावा. आशा व अंगणवाडीच्या भगिनींनी सासूबाईंस विश्वासात घेऊन ही गोष्ट बाळंतपणाच्या आधी सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून ठेवावी. बाळ घरी आल्यावर सांगू गेल्यास वादच होतो.

चुलीचा धूर हे या गोष्टीचे दुसरे अंग. नांदेड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि त्या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन शाळेत १९५० नंतरच्या वर्षांत एस. पी. राजू या संशोधकाने मातीची, धुराडे असलेली बिनधुराची चूल तयार करून कोट्यवधी घरांतील धूर घालविण्याचा आग्रह धरला होता. पुढे केंद्र शासनाने सुधारित चुलींचा कार्यक्रम राबविला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने खेड्यांतून गॅस पोहोचविला. असे असूनही हिवाळ्यात चूल पुन्हा पेटतेच, कारण आंघोळीचे पाणी गॅसवर तापविणे परवडत नाही. त्यात चूक असे काही नाही. पाणी तापविण्याची चूल परसात, उघड्यावर मांडावी, सरपण वाळलेले व बारीक फोडलेले असावे आणि चूल फुंकणाऱ्या बाईच्या कडेवर मूल नसावे, एवढे तरी व्हावयास पाहिजे. स्वयंपाकघरात चूल असेल तर तिच्या वरच्या अंगास पत्र्याचा एक तुकडा काढून धुरास वाट करून द्यावी. कधीही विडी न ओढलेल्या बायकांस उतारवयात जो दमा जडतो, त्याचे एक मोठे कारण वर्षानुवर्षांचा हा धूर आहे.

मुलाचा श्वास मोजणे

सर्दी-खोकला प्रत्येक मुलास होतो व बहुधा आपोआप बरा होतो. न्यूमोनिया मात्र दोन दिवसांत मूल नेतो. या दोहोंतील भेद ओळखण्यास डॉक्टरच हवा असे नाही. घड्याळ व थोडी शांतता पुरते. मूल रडत नसताना, दूध पीत नसताना, त्याच्या पोटावरील कपडा वर करून एक पूर्ण मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध घेत नसेल, सुस्त पडले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. छातीवर बिब्बा घालणे किंवा पोटावर डाग देणे यांनी न्यूमोनिया जात नाही, केवळ जखम वाढते. न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकॉकल लस २०२१ पासून देशभर नियमित लसीकरणात विनामूल्य दिली जाते. ती दिली आहे किंवा नाही हे मुलाच्या लसीकरण पत्रकावर पाहावे.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने शेतीच्या बैठकीस जमलेल्या मंडळींस हे श्वास मोजणे एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे. हरभऱ्यावरील घाटेअळीची संख्या मोजावयास जो शेतकरी शिकला, त्यास हेही जमते.

धूळ, थंड पहाट आणि म्हातारी माणसे

तूर व सोयाबीन मळणी यंत्रात घालताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात खोल जाते. नाकातोंडास उपरणे दुहेरी करून बांधावे, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे; ज्यास आधीच दमा आहे त्याने यंत्राच्या तोंडाशी उभेच राहू नये, पोती शिवण्याचे काम घ्यावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास तो थंडीचा किंवा धुळीचा म्हणून अंगावर काढू नये. थुंकीची तपासणी व क्षयरोगाची औषधे शासकीय केंद्रात विनामूल्य मिळतात, आणि हिवाळा हा क्षयरोगास लपावयास फार सोयीचा काळ आहे.

उतारवयातील माणसांविषयी थोडेसे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचित होतात व रक्तदाब वाढतो. पहाटे अंथरुणातून उठून तसेच थंड हवेत जाणे, थंड पाणी डोक्यावर घेणे, लगेच जड काम करणे हे हृदयविकार असणाऱ्यास घातक ठरू शकते. उठल्यावर थोडा वेळ अंथरुणातच बसावे, कान झाकून बाहेर पडावे, ऊन वर आल्यावर रानात जावे. रक्तदाबाच्या गोळ्या 'आता बरे वाटते' म्हणून हिवाळ्यात बंद करू नयेत. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अकस्मात दिसल्यास तेल चोळीत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे. अर्धांगवायूवर गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि लोह्यासारख्या ठिकाणाहून मोठ्या रुग्णालयात जाण्यातच त्यातील बराच वेळ मोडतो.

टाचांच्या भेगा हा किरकोळ विषय वाटतो, परंतु मधुमेह असलेल्याच्या बाबतीत तो किरकोळ नाही. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे पुसून, तिळाच्या तेलात थोडे मेण वितळवून केलेला लेप टाचांस लावावा. करडईचे तेलही चालते, आणि ते तर घरच्याच पिकाचे.

येळवशीचे ताट

आहाराबाबत या भागातील लोकांस बाहेरून शिकविण्यासारखे फार थोडे आहे. वेळ अमावस्येस शेतात कडब्याची खोप करून जे ताट वाढले जाते, ते पाहिले की हिवाळ्यात काय खावे याचे उत्तर आपल्याच रानात आहे हे पटते. कोवळी तूर, हरभरा, वाल, वाटाणा व हाती लागतील त्या पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली आंबील, तिळाची पोळी, गव्हाची खीर. डाळी व धान्य एकत्र आल्याने प्रथिने परिपूर्ण होतात, आंबविल्याने धान्यातील लोह व जस्त अंगी लागण्यास मदत होते, तीळ-शेंगदाण्यांतून स्निग्धांश मिळतो. खंत एवढीच की हे ताट वर्षातून एकदा वाढले जाते आणि दुसऱ्या दिवसापासून घरात पुन्हा भाकरी, पातळ वरण आणि बाजारातील तळलेल्या पुड्या सुरू होतात. येळवशीची भज्जी आठवड्यातून एकदा तरी व्हावी. तिला लागणारा जिन्नस संक्रांतीपर्यंत बांधावरच असतो.

हुरडा खावा, चघळून खावा, परंतु कीटकनाशक फवारलेल्या रानातील कणसे किंवा हरभऱ्याचे डहाळे फवारणीनंतरची ठराविक मुदत संपल्यावाचून तोंडात घालू नयेत. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे फडके फिरवून जी आंब धरतात तिलाही हाच नियम लागू आहे, कारण पानावर जे फवारले ते आंबेत उतरते. ही सूचना विशेष आग्रहाने करावीशी वाटते, कारण आंब औषध म्हणून घेतली जाते व औषधाविषयी कोणी शंका घेत नाही.

शंभर ग्रॅम तिळांत एक हजार मिलिग्रॅमहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम, असते. भाजून, कुटून खाल्ले तर ते अधिक पचनी पडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसारित केलेल्या 'परभणी शक्ती' या ज्वारीच्या वाणात लोह व जस्ताचे प्रमाण नेहमीच्या वाणांहून अधिक आहे. ज्यांच्या घरी गरोदर स्त्री किंवा वाढत्या वयाच्या मुली आहेत त्यांनी खाण्यापुरती का होईना, अशा वाणाची दोन-चार तासे पेरण्यास हरकत नाही. भाकरीबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू यांपैकी काही घेतल्यास त्यातील लोह अधिक अंगी लागते. जेवणावर लगेच घेतलेला चहा याच्या उलट काम करतो. त्यासाठी तासभर थांबावे.

हिवाळ्यात तहान लागत नाही, म्हणून पाणी पिणे निम्म्यावर येते. कोरड्या हवेत श्वासावाटे व कातडीवाटे पाणी जातच असते. लघवी गडद पिवळी होणे, बद्धकोष्ठ, मुतखड्याचा त्रास हे त्याचे परिणाम. रानात जाताना पाण्याचा तांब्या उन्हाळ्याइतकाच भरून न्यावा. पाणी थंड लागत असेल तर उन्हात ठेवावे.

यात्रेस जाताना

माळेगावी जाणाऱ्या मंडळींनी पिण्याचे पाणी टँकरचे असो वा आडाचे, क्लोरिन टाकलेले आहे याची खात्री करून घ्यावी, किंवा क्लोरिनच्या गोळ्या बरोबर न्याव्यात व गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबूनच पाणी प्यावे. जनावरांचा तळ व माणसांची चूल यांत अंतर ठेवावे. पालात कंदील किंवा शेगडी पेटती ठेवून झोपू नये. कापडी पालात निखाऱ्याचा धोका दुहेरी, वायूचा व आगीचा. ज्यांस खोकला आहे त्यांनी नाकातोंडास उपरणे बांधावे आणि दाटीत लहान मुलास छातीशी धरून तासन् तास उभे राहू नये. रक्तदाबाच्या, दम्याच्या व मधुमेहाच्या रोग्यांनी यात्रेच्या दिवसांपुरत्या गोळ्या मोजून गाठोड्यात बांधाव्यात. गर्दीत औषधाचे दुकान शोधणे म्हाताऱ्या माणसास जमत नाही.

आणि परतताना एक घोंगडी घ्यावी. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरून राहते, हा तिचा गुण सुताजवळ नाही. रात्रीच्या पाण्यास जाणाऱ्या गड्यास तिच्याइतके सोयीचे पांघरूण दुसरे नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, अंगास टोचते, परंतु टिकते. बाजारात आता कृत्रिम धाग्याच्या घोंगड्याही लोकरीच्या म्हणून विकावयास येतात. पारख सोपी आहे. कडेचा एक धागा उपटून विक्रेत्यासमोरच काडीने पेटवावा. केस जळल्याचा वास येऊन धागा चुरगळणारी राख झाली तर ती लोकर. धागा वितळून त्याची टणक काळी गोळी झाली तर ती घोंगडी तेथेच ठेवून पुढच्या दुकानाकडे वळावे.